डावीकडे जरा खोल

तुमच्या ऑफिसातली खुर्ची कुणाच्या मापाची आहे, कधी विचार केलाय? तिला दांडे असतात, नॉब असतात. ती वर होते, खाली होते, मागे रेलते, हात आत-बाहेर करते. अ‍ॅडमिनवाला तिची किंमत सांगतो तेव्हा आपण आपोआप ताठ बसतो. पण एवढं सगळं करणाऱ्या त्या खुर्चीची डावी बाजू उजवीपेक्षा फक्त अर्धा इंच खाली करून बघा. नाही होत. कारण बनवणाऱ्याने गृहीत धरलंय, की माणसाच्या मधोमध उभी रेघ मारली की दोन्हीकडचा माल सारखाच निघतो.

माझा नाही निघत. माझ्या मणक्याला बाक आहे. पुढे-मागे नाही, बाजूला. वैद्यकीय नाव स्कोलिओसिस. बाक दहा अंशांच्या वर गेला की डॉक्टर हे नाव देतात, माझा अठ्ठावीस आहे. म्हणजे ऑपरेशन लागेल इतका नाही आणि विसरून जाता येईल इतकाही नाही. त्यापायी कमरेची हाडंही तिरकी बसलीत. डावी बाजू खाली, उजवी वर. बसले की वजनाचा मोठा वाटा डावं हाड उचलतं आणि उजवं नुसतं टेकलेलं असतं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये असतो ना एक जण, तसं.

ऑफिसात हे चालून जातं. दर वीस मिनिटांनी उठायचं. पाणी, चहा, प्रिंटरपर्यंत उगाच एक चक्कर. टीममध्ये मी 'फार फिरणारी' म्हणून फेमस आहे. खरी भानगड झाली ती कयाकमुळे.

कयाक म्हणजे ती लांब, निमुळती, एका माणसाची होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, पाय समोर लांब केलेले, गुडघे वरच्या झाकणाच्या आत अडकवलेले. मुळशीला टीम आउटिंगमध्ये पहिल्यांदा बसले. बाकीची मंडळी बार्बेक्यूभोवती आणि मी पाण्यात, असा तो दिवस गेला. त्यानंतर जवळपास दर महिन्याला मी मुळशी नाहीतर पवना गाठत राहिले. मग एक ओळखीचा मुलगा कॅनडाला निघाला आणि त्याची फायबरची कयाक मला स्वस्तात देऊन गेला. सीट तडकलेली होती, बाकी ठणठणीत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'सदर वाहन पार्किंगच्या रेषेबाहेर आहे' अशी नोटीस काढली. सदर वाहन! मला इतका अभिमान वाटला की ती नोटीस मी फ्रिजवर लावली.

पण कयाकमध्ये उठून प्रिंटरपर्यंत जाता येत नाही. चाळीस मिनिटं झाली की डाव्या पायात मुंग्या यायच्या, तासाभरात पाय बधिर. मांडीच्या मागून जाणारी नस दाबली जाते, एवढं साधं कारण. पाय आखडणं मी सहन केलं असतं. प्रश्न वेगळा होता. कयाक उलटली तर गुडघे सोडवून, पायांनी ढकलून पाण्याखालून बाहेर यावं लागतं. एक पाय जागेवर आहे की नाही हेच कळत नसेल, तर ते कसं जमायचं? ज्यांच्याबरोबर मी जाते त्या ग्रुपच्या लीडरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काठाकाठाने, अर्धा तास. त्याच्या पुढे मी तुला नेणार नाही." तो बरोबर होता आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

तयार सीट मागवून पाहिल्या. फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. हवेची उशी झाली. उशी भारी होती, पण बसण्याची उंची वाढवायची. कयाकमध्ये इंचभर वर बसलात की होडी लगेच डुगडुगायला लागते. म्हणजे बुडाला आराम आणि जिवाला घोर.

मग वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली आणि मी जाम खूश झाले. कयाक मुळात ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. आणि माप? माप बनवणाऱ्याच्या अंगाचं. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जी लांबी होते तिच्या तिप्पट. (आपले कोळी पाण्याची खोली मोजतात, तीच वाव.) बसायच्या जागी रुंदी स्वतःच्या कमरेइतकी, अधिक दोन मुठी. खोली एक मूठ आणि वर ताठ अंगठा. दुसऱ्याची कयाक म्हणजे दुसऱ्याचा शर्ट. जमेल तसा घालायचा, पण तो तुमचा नाही. 'स्टॅण्डर्ड साइझ' ही भानगड मागाहून, कारखान्यांबरोबर आली.

याच वाचनात हेही कळलं, की कातडं शिवायचं काम बायकांचं आणि कयाक घेऊन शिकारीला जायचे ते पुरुष. बायका-पोरांसाठी आणि सामानासाठी वेगळी, मोठी, उघडी होडी होती, उमियाक. तिला बायकांची होडीच म्हणायचे. टाके बायकांचे, सफर पुरुषांची. ओळखीचं वाटतं ना?

तर ठरवलं, सीट स्वतःच्या अंगावरून घ्यायची. फायबरग्लासची.

आधी माझ्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. मला वाटलं ती हसेल, पण तिने मला टेबलावर बसवलं आणि पंधरा मिनिटं उजवीकडून, डावीकडून कंबर ढकलून बघितली. व्हीलचेअरच्या सीट बनवताना जो नियम वापरतात, तोच तिने मला सांगितला. बाक लवचीक असेल, हाताने सरळ होत असेल, तर सीटने तो सरळ करावा. बाक पक्का झाला असेल, तर सीटने त्याच्याशी भांडू नये, त्याला जागा द्यावी. माझा पक्का आहे. "डाव्या हाडाला खोलगट जागा दे. उजवं आपोआप कामाला लागेल," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ बस म्हटलं नव्हतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. मला आठवीत असताना ब्रेस लागला होता. शाळेच्या मेडिकल तपासणीत डॉक्टरांनी मुलींना पुढे वाकायला सांगितलं आणि माझ्या पाठीची उजवी बाजू वर आलेली दिसली. ब्रेस म्हणजे प्लास्टिकचं कडक चिलखत, काखेपासून खुब्यापर्यंत. दोन वर्षं, दिवसाचे अठरा तास, युनिफॉर्मच्या आतून. साताऱ्याच्या मे महिन्यात तो घालून बघा एकदा. वाढत्या वयात बाक आणखी वाढू नये म्हणून तो असतो, आणि माझा वाढला नाही, त्यामुळे तक्रार नाही. पण तो बनवताना काय करतात ते मला पक्कं आठवतंय. अंगाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून ठसा घेतात, त्यातून धडाचा पुतळा ओततात आणि मग तंत्रज्ञ रंधा घेऊन तो पुतळा सुधारतो. इथे तासायचं, तिथे भरायचं. त्या सुधारलेल्या पुतळ्यावर ब्रेसचं प्लास्टिक चढवतात. मी तिथे स्टुलावर बसून माझीच दुरुस्त आवृत्ती तयार होताना बघत होते.

पुढे ब्रेस सुटला आणि आईचं काम सुरू झालं. टेलरला सांगून डाव्या खांद्यात पॅड. ओढणी अशा बाजूने. फोटो काढताना 'जरा तिरकी उभी राहा'. स्थळं यायला लागली तेव्हा तिचा एक ठरलेला डायलॉग होता, "सांगायचं नाही असं नाही गं, पण आधी सांगायचं नाही." नवऱ्याला मी दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुझी पर्स जड आहे." असो.

ठसा घ्यायला प्लास्टर थेट अंगावर वापरायचं नाही, हे आधी सांगते. प्लास्टर आवळताना तापतं आणि थर जाड असेल तर चांगलंच भाजतं. त्यावर आपला पुणेरी उपाय म्हणजे शाडू. कसब्यातल्या एका मूर्तिकाराकडून तीस किलो शाडू आणला. ऑर्डर ऐकून तो म्हणाला, "फेब्रुवारीत गणपती?" प्लायवुडची दीड फूट बाय सव्वा फुटाची पेटी, चार इंच खोल. तिच्यात कणकेपेक्षा थोडा घट्ट मळलेला शाडू काठोकाठ आणि वर पातळ प्लास्टिकचा कागद. पेटी हॉलच्या मधोमध. समोर भिंतीला पाय टेकवले, गुडघे बाहेर वाकवले, हातात झाडूची काठी, वल्ह्याऐवजी. पंधरा मिनिटं मी फरशीवर हवेत वल्हवत बसले होते. वल्हवताना अंग फिरतं, त्यामुळे नुसतं बसून घेतलेला ठसा कामाचा नाही. नवरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो व्हिडिओ कुठेही जाणार नाही, या अटीवर आमचा संसार चालू आहे.

आई त्याच आठवड्यात आमच्याकडे आली होती. उठताना ठसा फिसकटू नये म्हणून सरळ वर उचलावं लागतं, तर एका काखेत नवरा आणि दुसऱ्या काखेत आई. "उचला जावईबापू, एक, दोन, तीन." आणि मी वर.

तिघंही खाली बघत राहिलो. शाडू फार प्रामाणिक माती आहे. डावीकडचा खड्डा उजवीपेक्षा स्पष्ट खोल. नवऱ्याने पट्टी लावली, एकोणीस मिलिमीटर. एक्सरे मी शंभरदा बघितलाय, पण एक्सरे म्हणजे काळ्या कागदावरचं डॉक्टरांचं काहीतरी. हे माझ्या हॉलमध्ये होतं, ओलं, माझ्या अंगाची ऊब असलेलं.

आई खाली बसली. तिने डाव्या खड्ड्यात तळवा ठेवला, मग उजव्या, मग परत डाव्या. "एवढं?" ती म्हणाली. मी काही बोलले नाही. ती थोड्या वेळाने म्हणाली, "तुला दुखायचं तेव्हा मी तुला सरळ बस म्हणायचे." मग उठली आणि चहा टाकायला गेली. चहात त्या दिवशी साखर दोनदा पडली होती. आम्ही तो प्यायलो.

पुढचं काम घरात करण्यासारखं नव्हतं. भोसरीत एक छोटं वर्कशॉप आहे, फायबरचे दरवाजे, टाक्यांची झाकणं आणि सीझनला मखरं बनवतात. तिथल्या काकांना मी 'होडीची सीट' एवढंच सांगितलं होतं. ठशात काथ्या घालून प्लास्टर ओतलं, दुसऱ्या दिवशी पेटी उघडली आणि टेबलावर माझं जे काही होतं ते पांढरंशुभ्र उलटं ठेवलेलं. चार कारागीर अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. या ऐवजाला काका 'पॅटर्न' म्हणतात, तेव्हा आपणही पॅटर्नच म्हणू.

काकांनी पॅटर्नवर हात फिरवला. पस्तीस वर्षं साचे घासलेला हात, त्याला लगेच कळलं. "मॅडम, एक बाजू उतरलीय. बसताना तिरक्या बसला असाल. पुट्टी भरून लेव्हल करून देतो. अर्ध्या तासाचं काम." आणि त्यांनी पुट्टीचा डबा उघडलासुद्धा.

त्यांचं काही चुकत नव्हतं. वाकडं दिसलं की सरळ करायचं, हे तर चांगल्या कारागिराचं लक्षण. ब्रेसवाल्या तंत्रज्ञानेही तेच केलं होतं. मी म्हटलं, "काका, भरू नका. ती बाजू तशीच आहे. मी तशीच आहे." किती साधं वाक्य, पण माझा आवाज विचित्र आला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यांकडे आणि डबा बंद केला. म्हणाले, "मग मिलिमीटरही हलू देणार नाही, ताई." मॅडमची ताई तेव्हा झाले.

फायबरचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅटर्नला आधी लाखेचं पॉलिश, म्हणजे प्लास्टरची भोकं बुजतात. मग मेणाचे पाच हात, दर वेळी वाळवून, घासून. त्यावर पीव्हीएचा पातळ पडदा, जो नंतर पाण्यात विरघळतो आणि सीट सुटायला मदत करतो. इथे आळस केला तर सीट आणि पॅटर्न जन्मोजन्मीचे जोडीदार. त्यावर जेलकोट, म्हणजे वरचा रंगीत, गुळगुळीत थर. मी पिवळा घेतला. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतपत सुकला की मॅट. काचेच्या बारीक तंतूंचं गादीच्या कापसासारखं दिसणारं कापड. आधी तीनशे ग्रॅमचा एक थर, मग साडेचारशेचे तीन. ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला इतकं वजन. मॅटच्या वजनाच्या साधारण अडीच पट रेझिन. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं, नाहीतर तंतू सरकतात. मग रोलर फिरवून आतली हवा काढायची. बुडबुडा राहिला तर उद्या तिथेच तडा.

रेझिनमध्ये दोन गोष्टी पडतात, कोबाल्ट आणि हार्डनर. आधी कोबाल्ट नीट ढवळायचं, मगच हार्डनर, शंभराला एक-दोन भाग. हे दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर भडका उडतो, त्यामुळे काका त्यांच्या बाटल्या वर्कशॉपच्या दोन टोकांना ठेवतात. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. गॉगल, हातमोजे, वाफेचा मास्क, उघड्या खिडक्या. 'एकदाच तर करायचंय' म्हणून यातलं काही टाळू नका. आणि सकाळी सातला सुरुवात. उन्हं तापली की रेझिन डब्यातच जेलीसारखं आवळतं.

अंगाला खाज सुटते ती मात्र सुटतेच. गार पाण्याने धुवायचं, गरम अजिबात नाही. दोन दिवस मी मीटिंगमध्ये कोपर खाजवत होते आणि क्लायंटला वाटलं मला त्यांचं बजेट पटलेलं नाही. त्यांनी ते वाढवलं. ही फायबरग्लासची अधिकृत उपयुक्तता समजू नये.

सगळ्यात मजेचा क्षण कडा कापायचा. रेझिन पूर्ण कडक व्हायच्या आधी एक अर्धा-पाऊण तास असा येतो, की थर चामड्यासारखा असतो आणि साध्या कटरने कापला जातो. तो चुकला की ग्राइंडर आणि धुरळा. काका मला समजावून सांगत होते, कुठल्या क्षणी सुरी घालायची. आई तेव्हा डबा घेऊन आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे वडीसारखं," ती म्हणाली. "गरम असताना रेघा मारायच्या, गार झाली की भुगा होतो." काका म्हणाले, "बरोब्बर, वहिनी." आणि मग माझ्या आईने, जिने माझ्यासाठी आयुष्यभर टेलर शोधले, हातमोजे चढवून माझ्या सीटची डावी कड कापली. एका ओढीत. थरथर नाही. उजवी मी कापली, ती थोडी नागमोडी आहे.

सीट सुटायला दुसरा दिवस. कडेला लाकडी पाचर, फटीत पाणी, रबरी हातोड्याच्या हलक्या टपल्या आणि एक 'टॉक्' असा आवाज. जाडी जेमतेम चार मिलिमीटर. मेणाच्या बाजूने पिवळी, चकचकीत आणि डावीकडे एकोणीस मिलिमीटर खोल.

होडीत बसवताना ती तळावर चिकटवली नाही, दोन्ही बाजूंनी कडेला टांगली, तळापासून बोटभर वर. पहिल्यांदा पाण्यात सोडली तर कयाक किंचित डावीकडे कलत होती, कारण वजन तिकडे. सीट एक सेंटिमीटर उजवीकडे सरकवली. कलणं गेलं. काय काय वाचून गेले होते मी, आणि निघालं स्क्रू-ड्रायव्हरचं काम.

मुळशीला पहिली खरी चक्कर मारली ती एप्रिलच्या सुरुवातीला. चाळीस मिनिटं झाली, मी मुंग्यांची वाट बघत होते. तास झाला. लीडर सारखा मागे वळून विचारत होता, "पाय?" आणि मी अंगठा दाखवत होते. दोन तास दहा मिनिटांनी पोटरीत थोडं जड वाटायला लागलं तेव्हा काठ धरला. बाक तोच आहे, अठ्ठावीसच. पण उतरताना मी दोन्ही पायांवर उतरले आणि होडी स्वतः ओढत वर आणली.

सगळ्याचा खर्च साडेचार हजार, त्यात शाडू, आणि कारागिरांना मिसळ. ऑफिसच्या खुर्चीवर मात्र अजून काही करता आलेलं नाही. अ‍ॅडमिनला विचारलं, तर त्यांनी फॉर्म पाठवलाय. त्यात 'साइझ' पुढे तीन चौकटी आहेत, स्मॉल, मीडियम, लार्ज.

मागच्या आठवड्यात भोसरीला गेले होते. ग्रुपमधल्या एकीला सीट करून घ्यायचीय, तिचं बाळंतपणानंतर माकडहाड दुखतं. काकांच्या फळीवर, मखराच्या खांबाचा साचा आणि टाकीचं झाकण यांच्यामध्ये, माझा पॅटर्न जपून ठेवलाय. वर काळ्या मार्करने लिहिलंय, 'होडीवाल्या ताई. डावीकडे खोल. भरू नये.'